तारामावशींची परडी

चिक्कडपल्लीच्या तारामती उदगीरकर हसल्या की मराठी मंडळाच्या सभागृहाबाहेर चपला काढणाऱ्यालाही समजायचं, आत कार्यक्रम रंगलाय. बाई उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या, आणि आवाज असा की सुलतान बाजारच्या गर्दीत नवऱ्याला हाक मारली तर रस्त्यावरचे सगळे नवरे मागे वळून बघत. मुलींच्या मराठी शाळेत त्यांनी उभी हयात व्याकरण शिकवलं. शाळेतल्या मुलींच्या त्या बाई. बाकी सगळ्या हैदराबादच्या, म्हणजे हैदराबादेतल्या सगळ्या मराठी माणसांच्या, तारामावशी. निवृत्त होताना शाळेनं त्यांना चांदीचा करंडा दिला, तो कपाटात गेला. मावशींचं खरं वैभव म्हणजे वेताची एक जुनी परडी.

संक्रांतीनंतर मंडळाचं स्नेहसंमेलन असे, आणि त्यात शेलापागोटे. नवी मंडळी त्याला फिशपाँड म्हणतात. पंधरा दिवस आधी परडी मंडळाच्या दाराशी ठेवायची. ज्याला ज्याची फिरकी घ्यायची असेल त्यानं कागदावर दोन ओळी लिहायच्या आणि खाली नाव न घालता चिठ्ठी परडीत टाकायची. संमेलनाच्या संध्याकाळी तारामावशी परडी मांडीवर घेऊन स्टेजवर बसत आणि एकेक चिठ्ठी वाचत. मंडळाचे अध्यक्ष नामदेवराव देगलूरकर हे नावाजलेले वकील. भाषणाला उभे राहिले की बसायचं विसरत. एका वर्षी त्यांच्यावर निघाली:

जज्जसाहेब घरी गेले, शिपायानं लावलं कुलूप,
नामदेवरावांच्या मुद्द्याला अजून वेळ आहे खूप!

सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यानं नामदेवरावच हसले. तारामावशींचा नियमच तो होता. चिठ्ठी ज्याच्यावर, त्याचं हसू पहिलं. तो हसेल अशी खात्री नसेल तर चिठ्ठी स्टेजवर जायची नाही.

ही खात्री कशी होत असे, ते मात्र फक्त त्यांच्या यजमानांना, मधुकररावांना ठाऊक. आदल्या दिवशी मावशी स्वयंपाकघरात बैठक मारून चिठ्ठ्या निवडत, तांदळातले खडे वेचावेत तशा. आणि खडे निघतच. एखाद्या विधवेबद्दल काहीतरी, एखाद्या पोरीच्या अंगाबद्दल काहीतरी. मावशी ते वाचून तोंड वाकडं करत आणि कागद नवऱ्याच्या अंघोळीच्या बंबात घालत. ‘घ्या, मंडळाच्या पापावर तुमचं पाणी तापतंय,’ म्हणत. बाहेर त्या कुणाला बोलल्या नाहीत. उगीच कुणाची शोभा कशाला, असं त्यांना वाटे. त्यामुळे मंडळाची अशी ठाम समजूत झाली होती की आपली माणसं निनावी लिहितात तेव्हाही मर्यादा सोडत नाहीत. संस्कार म्हणतात ते हेच, असं नामदेवराव दर वर्षी भाषणात सांगत. मावशी स्टेजवर बसून मान डोलावत.

त्यांची एकच तक्रार होती. इतक्या वर्षांत खुद्द त्यांच्यावर कुणी चिठ्ठी टाकली नव्हती. ‘माझं मेलं कुणी नावच घेत नाही,’ म्हणायच्या. टाकणार कोण? वाचणाऱ्या त्याच.

मग दिवस पालटले. मुलगा सचिवालयात चिकटला की ज्या घरांत पेढे वाटत, तिथं आता व्हिसाचे पेढे वाटू लागले. गल्लीगल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले, केबलवर सतरा चॅनेलं आली, बंब जाऊन गीझर आला. मावशींचा अरविंदही डलासला गेला. नवं शतक लागलं तशी मंडळाच्या तरुणांनी, अर्धे इथले, अर्धे अमेरिकेतले, मिळून एक ई-ग्रुप काढला. एकानं लिहिलं की एका दमात सगळ्यांना पोचतं. अरविंदनं वडिलांच्या नावानंही एक ई-मेल काढून ग्रुपला जोडून दिला होता. मधुकररावांनी तो उघडला नाही. मावशींना तर त्या यंत्राची भीतीच वाटे.

त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मंडळात एक छोटं प्रहसन झालं. घरात चोर शिरतो, दागिने घेऊन जातो, आणि घरातली बिनलग्नाची आत्या रडत बसते; दागिने गेले म्हणून नव्हे, चोरानं तिला हात लावला नाही म्हणून. सभागृह खो खो हसलं. मावशीही हसल्या. हसायची सवयच ती, पुढचामागचा विचार थोडाच असतो.

एक मुलगी हसली नाही. बरकतपुऱ्याच्या कंधारकरांची हर्षदा. मावशींच्या हाताखाली शिकलेली, चणीनं काडी, नाकावर चष्मा, आणि चूक दिसली की बाईंनासुद्धा उभं राहून सांगणारी. मावशींचा तिच्यावर भारी जीव. कायद्याचं शिक्षण घेऊन ती एका संस्थेत लागली होती. ज्यांच्यावर घरात-बाहेर जबरदस्ती झालेली असते अशा बायकांना पोलिसात, कोर्टात सोबत करायचं काम. तिनं ई-ग्रुपवर लिहिलं, ‘आमच्याकडे येणाऱ्या बाईला पोलीस ठाण्यात हाच विनोद ऐकवतात. आपण तो गणपतीपुढे करू नये.’ इतकंच.

आठवड्याभरात अरविंदचा डलासहून फोन. “आई, तुझी परडी आता इंटरनेटवर! पोरांनी ग्रुपवर फिशपाँड काढलेत, खाली लिहितात ‘तारामावशींच्या परडीतून’. हर्षदाची जाम खेचायलेत.”

“छान आहे की!” मावशी हरखल्या. मेला तो कॉम्प्युटर, पण त्यातसुद्धा आपलं नाव! शेजारीपाजारी सांगून झालं. दिवाळीच्या तोंडावर सुलतान बाजारात बांगड्यांच्या दुकानासमोर हर्षदा भेटली, तशी मावशींनी तिचा गाल ओढला. “काय गं, तुझ्या नावानं चिठ्ठ्या निघाल्या म्हणे माझ्या परडीतून! आम्हांला कुणी विचारत नाही. हस आणि सोडून दे.”

“मावशी, तुम्ही वाचल्यात त्या?”

“वाचायच्या कशाला? माझ्याच परडीतल्या ना!”

हर्षदानं क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. “हौ मावशी. हसते,” म्हणाली आणि गर्दीत शिरली. एरवी कोपऱ्यापर्यंत पिशवी घेऊन येणारी पोर, आज घाईत दिसतेय, असं मावशींना वाटलं. शेजारी नामदेवरावांच्या सूनबाई बांगड्या भरत होत्या. दुसऱ्या दिवशी मंडळभर झालं, खुद्द तारामावशीच म्हणाल्या, हसून सोडून दे.

डिसेंबर संपता संपता हर्षदाची आई अलका चिक्कडपल्लीला आली. चहाला नको म्हणाली. तारामावशींकडे चहा नको म्हणणारं माणूस तोवर जन्मलं नव्हतं.

“संक्रांत झाली की हर्षदाला परभणीला पाठवायलोत, तिच्या काकांकडे,” अलका म्हणाली. “नोकरी सोडायली ती. घराबाहेर पडेना. स्टॉपवर दोन पोरं येऊन म्हणाली, रांग इथूनच आहे का? हिला काय करावं सुधरेना. तशीच घरी आली. तिचे बाबा म्हणाले, बस झालं.”

“कसली रांग?”

“तुमच्या चिठ्ठीतली,” अलका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मावशींना ते जास्त लागलं.

त्याच दुपारी मावशी मधुकररावांना घेऊन कोपऱ्यावरच्या इंटरनेट कॅफेत गेल्या. काउंटरवर नसीम नावाची मुलगी बसायची. तिनं खुर्ची ओढून दिली आणि माउस मावशींच्या हाताखाली सरकवला. मावशींनी हात झटकन मागे घेतला.

“डरो नक्को अम्मा, काटता नै उने,” नसीम म्हणाली.

पासवर्ड मधुकररावांना पाठ होता. अरविंदचं पाळण्यातलं लाडाचं नाव, बाळू.

पडद्यावर अक्षरं आली. भाषा मराठी, पण सगळं इंग्रजी अक्षरांत. मावशींना दोन्ही येत होतं, तरी ते कडबोळं डोळ्यांना लागेना. मग पहिलीतल्या मुलीसारखं पडद्यावर बोट ठेवून त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. अक्षराला अक्षर, शब्दाला शब्द. अर्थ सगळ्यांत शेवटी यायचा, आणि तोवर वाक्य त्यांच्याच तोंडून बाहेर पडलेलं असायचं.

“हर्षदा... बाईंनी... बलात्काराची काळजी... करू नये. त्यांच्या वाटेला... कोणी जाणार नाही. गेलाच तर... समाजसेवा म्हणून.” खाली, तारामावशींच्या परडीतून.

मग त्यांनी पुढची लावायला घेतली. “बाई रोज सकाळी... बरकतपुऱ्याच्या स्टॉपवर... उभ्या असतात. इच्छुकांनी... रांग लावावी.” त्याच्या खाली हसणाऱ्यांची माळ. त्यांत एक ओळ, ‘हाहाहा! आईला सांगतो, खूश होईल.’ अरविंदची.

मधुकररावांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. पुढच्या चिठ्ठ्या मावशींनी मोठ्यानं वाचल्या नाहीत. नसीमनं न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि म्हणाली, “क्या हुआ अम्मा? क्या लिखे उनों?”

“मजाक है बोलते, बेटा,” मावशी म्हणाल्या. “सब का प्रिंट निकाल.”

रविवारी अरविंदचा फोन आला. मावशींनी हवापाणी विचारलं नाही.

“आई, मी काही लिहिलं नाही गं.”

“हसलास ना?”

“सगळेच हसायले होते. तूपण म्हणालीस की, छान आहे म्हणून.”

मावशींना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. “हौ बाळू, म्हणाले. न वाचता म्हणाले. आता आपण दोघांनी निस्तरायचं. तू तिथं तुझ्या नावानिशी लिही. इथलं मी बघते.”

बरकतपुऱ्याला हर्षदानंच दार उघडलं. “काय मावशी, हसायला आलात?”

गुरूला असं बोलणारी पोर ती नव्हती. मावशी दारातच म्हणाल्या, “नाही गं. चुकले मी.” मग आत बसून त्यांनी सगळं सांगितलं, कॅफे, पहिलीतल्यासारखं वाचणं. तिला जरा हलकं वाटावं म्हणून माउसला भिऊन कसा हात मागे घेतला तेही सांगितलं. हर्षदा हसली नाही.

“त्या दोन पोरांचं नाही हो काही,” ती म्हणाली. “पण आता मंडळातल्या कुणी नमस्कार केला तरी वाटतं, हाच असेल. किराण्याच्या दुकानात शेजारी कुणी उभा राहिला तरी तेच. खाली नाव नाही ना मावशी, मग सगळ्यांचीच नावं येतात डोक्यात. आणि आमच्याकडे येणाऱ्या बाईला मी सांगायचे, घाबरू नका. आता कुठल्या तोंडानं सांगू?”

मावशींनी तिला बंबाची गोष्ट सांगितली. दर वर्षी अशा चिठ्ठ्या निघत, मी जाळत आले, कुणाला कळू दिलं नाही.

“जाळायला नको होत्या,” हर्षदा म्हणाली. तिचं ते जुनं, उभं राहून बाईंची चूक सांगणं. मावशींना त्या क्षणी तिला पोटाशी धरावंसं वाटलं, पण धीर झाला नाही. त्यांनी फक्त विचारलं, “यंदा सभेत काढू? तुझं नाव येणार नाही. तू नको म्हणालीस तर नाही काढत.”

हर्षदा पलंगावर अर्धवट भरून ठेवलेल्या बॅगेकडे बघत राहिली. “काढा,” म्हणाली. “मी येईन की नाही, सांगता येत नाही.”

संमेलनाला सभागृह भरलं होतं. गाणी झाली, मुलींचे नाच झाले. नामदेवरावांची नात मेघना पायांत घुंगरं तशीच ठेवून पहिल्या रांगेत आजीजवळ येऊन बसली. नामदेवरावांनी संस्कारांचं भाषण केलं, बसायचं विसरले, लोक हसले. मग तारामावशी परडी घेऊन आल्या. त्या बसायच्या आधीच टाळ्या पडल्या. मावशींनी शेवटच्या रांगेपर्यंत नजर टाकली. दाराशी अलका उभी होती, आणि तिच्या मागे भिंतीला टेकून एक चष्मा.

“यंदा दाराशी परडीत टाकलेल्या चिठ्ठ्या मी वाचणार नाही,” मावशी म्हणाल्या. “आजवर तुम्ही ऐकल्यात त्या निवडलेल्या. घाण मी घरी बंबात जाळत होते. तुम्हांला वाटलं, आपल्याकडे घाण नाहीच. ही घाण यंदा ई-ग्रुपवर निघाली, माझ्या नावानं. त्यात माझा मुलगाही हसलाय, म्हणजे मी काही सोवळी नाही. सगळे म्हणायलेत गंमत आहे. असेल. मग गंमत सभेतच वाचू या की. नामदेवराव, तुमचा आवाज चांगला आहे. या.”

नामदेवराव हसतच आले. ई-ग्रुपवरचा तो मजकूर त्यांनी पाहिलेला नव्हता. पोरं गंमत करताहेत, एवढं मात्र त्यांनी दहा जणांना समजावलं होतं. मावशींनी परडीतला कागद त्यांच्या हातात दिला. फळ्यावरच्या त्यांच्या त्या गोल, ठसठशीत अक्षरात सगळं मराठीत उतरवलेलं होतं. मुलीच्या नावाच्या जागी नुसती रेघ.

“रेघेच्या जागी कुठलंही नाव घ्या,” मावशी म्हणाल्या. “आपल्या घरातलं घेतलं तरी चालेल.”

नामदेवरावांनी चष्मा सारखा केला, घसा खाकरला आणि कागदावर नजर टाकली. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, मनातच. मग त्यांची नजर पहिल्या रांगेकडे गेली. मेघना आजोबा काय वाचतात म्हणून हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होती. कुणीतरी मागून ओरडलं, “होऊ द्या, होऊ द्या!”

ज्या माणसाला कधी शब्द कमी पडले नाहीत, त्यानं कागदाची घडी घातली. “वहिनी,” ते हळू म्हणाले, पण माइक जवळ होता, “हे माझ्याच्यानं वाचवत नाही.”

“जिच्यावर होतं तिनं एकटीनं वाचलं,” तारामावशी म्हणाल्या. “रोज.”

टाळी पडली नाही. मागच्या रांगेतली तीन-चार पोरं चहाच्या निमित्तानं उठली. अलकानं तोंडाला पदर लावला. नामदेवराव स्टेजवरच्या खुर्चीत बसले, न सांगता.

पुढं काय झालं म्हणाल, तर फार काही नाही. निम्मं मंडळ म्हणालं, तारामावशींनी संमेलनाची मजा घालवली. अरविंदनं ग्रुपवर आपल्या नावानिशी माफी मागितली, तर चार जणांनी त्याचीच टर उडवली. नामदेवरावांनी निनावी लिहिण्यावर बंदी आणली आणि ग्रुप अर्धा रिकामा झाला. लिहिणारे कोण ते कळलं नाही. ते सुधारले असतील म्हणायला आमची जीभ धजत नाही. बहुधा दुसऱ्या ग्रुपवर गेले असतील.

मावशींना त्या सगळ्याचं काही नव्हतं. त्यांना एकच कळायला हवं होतं, पोर परभणीला जाते की राहते. विचारायची सोय नव्हती. म्हणून सोमवारी सकाळी त्या भाजीची पिशवी घेऊन बरकतपुऱ्याच्या बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. चिक्कडपल्लीचा भाजीबाजार सोडून बरकतपुऱ्याच्या बसस्टॉपवर कुठली भाजी मिळते, असं कुणी विचारलं असतं तर त्यांच्याकडे जबाब नव्हता. एक बस गेली. दुसरी गेली. कॉलेजची दोन पोरं येऊन उभी राहिली, तशी मावशींनी त्यांच्याकडे असं बघितलं की बिचारी निष्पाप पोरं चार पावलं लांब सरकली.

मग गल्लीतून हर्षदा आली. खांद्याला ऑफिसची बॅग, चाल जरा जपून. मावशींना बघून थबकली.

“मावशी, तुम्ही इथं?”

“भाजीला.”

“हौ का,” हर्षदा म्हणाली आणि शेजारी येऊन उभी राहिली. मावशींनी तिचा हात धरला. तो गार होता. बस आली तेव्हा हर्षदानं बॅगेतून एक घडी घातलेला कागद काढून मावशींच्या पिशवीत टाकला. “परडीत टाकायचा राहिला होता,” म्हणाली आणि बायकांच्या पुढच्या दारानं चढली.

मावशींनी कागद तिथंच उघडला.

भल्याभल्यांच्या टोप्या ज्यांनी उडवल्या भर सभेत,
त्याच बाई माउसला भिऊन बसल्या होत्या कॅफेत!

आणि खाली, ठसठशीत अक्षरात, पूर्ण नाव. हर्षदा कंधारकर.

आधी एक बारीकशी उबळ आली, मग खांदे हलायला लागले, मग पिशवी हातातून सुटली. तारामावशी भर रस्त्यात डोळ्यांना पदर लावून अशा हसल्या की चालू लागलेल्या बसच्या खिडकीतून माणसं माना बाहेर काढून बघू लागली. पुढच्या खिडकीत हर्षदा होती. मावशींचं हसू ऐकलं, आणि मग तीही हसली.